काकू अंधारात गेल्या का?

प्रश्न नागपूरच्या एका नर्सिंगच्या ख्रिस्ती विद्यार्थिनीनं विचारलाय. थोडक्यात असा: शेजारच्या काकू बौद्ध होत्या. १९५६ साली त्यांच्या आईनं त्यांना कडेवर घेऊन दीक्षाभूमीवर नेलं होतं, हे त्या अभिमानानं सांगायच्या. हिच्या आईची रात्रपाळी असली की हिचं जेवणखाण, झोपणं काकूंकडेच. मे महिन्यात काकू गेल्या. रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ सहज म्हणाले, "बाई चांगली होती, पण अंधारात गेली." तेव्हापासून हिच्या डोक्यात बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय फिरतोय. तिथे तर 'प्रत्येक माणसाला' प्रकाश देणाऱ्याबद्दल लिहिलंय. प्रत्येकाला प्रकाश मिळत असेल तर सुवार्ता सांगायची कशाला? मिळत नसेल तर 'प्रत्येक' हा शब्द कशाला? आणि काकूंच्या घरून पुण्यानुमोदनाचं, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ होणाऱ्या बौद्ध विधीचं, बोलावणं आलंय, जाऊ का?

बेटा, शेवटचा प्रश्न सोपा आहे. जा. तिथे कसं वागायचं ते पुढे सांगतो. बाकीचे प्रश्न सोपे नाहीत, आणि ज्यांना ते सोपे वाटतात त्यांच्यापासून जरा जपून राहावं, असं विदर्भातल्या गावोगावच्या मंडळ्यांत छत्तीस वर्षं पाळकाचं काम केल्यावर मला वाटायला लागलंय.

आधी एक कबुली. त्या गृहस्थांसारखं मीही एकदा बोललोय. पाळक होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एका खेड्यात मुलानं बाप्तिस्मा घेतलेला, बापानं नाही. बाप गेला. मुलानं मला सांत्वनासाठी बोलावलं, आणि मी त्यांच्या ओसरीवर बसून प्रकाश आणि अंधार यांवर चांगली अर्धा तास शिकवण दिली. तुझे वडील अंधारात गेले, असं थेट म्हणालो नाही. पण ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ काढायला जागाही ठेवली नाही. मुलगा काही बोलला नाही. चहा दिला, एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. पुढची दोन वर्षं तो देवळात फिरकला नाही. ज्या वचनाच्या जोरावर मी बोललो होतो ते मी नीट वाचलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

तर वचन वाचू. योहान १:९. मूळ ग्रीक वाक्यात 'येणारा' हा शब्द अशा जागी बसलाय की तो माणसालाही लागू शकतो आणि प्रकाशालाही. त्यामुळे दोन अर्थ निघतात. एक, जगात येणाऱ्या, म्हणजे जन्माला येणाऱ्या प्रत्येक माणसाला प्रकाश देणारा. दुसरा, प्रत्येक माणसाला प्रकाश देणारा तो खरा प्रकाश जगात येत होता. आजचे बहुतेक अभ्यासक दुसरा अर्थ घेतात, मीही घेतो, कारण पुढचंच वचन 'तो जगात होता' असं सुरू होतं. पण कुठलाही अर्थ घे, 'प्रत्येक माणसाला' हे शब्द जागचे हलत नाहीत. त्यांना कुंपण घातलेलं नाही. इस्राएलातल्या प्रत्येकाला, बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला, असं योहान म्हणत नाही. आणि क्रियापद वर्तमानकाळी आहे. 'दिला' नाही, 'देईल' नाही, 'देतो'.

मात्र त्या वाक्यात जे नाही तेही आपण घालू नये. प्रत्येकाच्या आत एक पणती आपोआप तेवत असते, असं योहान म्हणत नाही. प्रकाश प्रत्येकावर पडतो, प्रत्येकापर्यंत पोचतो, एवढंच म्हणतो. ऊन संत्र्याच्या बागेवरही पडतं आणि टिनाच्या पत्र्यावरही पडतं. दोन्हीकडे होतं ते वेगळं. पडलेल्या प्रकाशाचं माणसानं काय केलं, हा योहानाच्या तिसऱ्या अध्यायाचा विषय आहे. प्रकाश जगात आला, पण माणसांना अंधार जास्त आवडला, कारण त्यांची कामं वाईट होती. हे वचन आपण नेहमी बाहेरच्यांना उद्देशून वाचतो. तो अध्याय ज्याच्याशी बोलतोय तो निकदेम मात्र परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला होता, शास्त्राचा शिक्षक होता, आणि रात्री लपत आला होता.

इथे नागपूरकराला एक गोष्ट कळते जी थंड देशातल्या टीकाकाराला कळायला जड जाते. प्रकाश म्हटलं की तिकडच्या पुस्तकांत सगळं उबदार, हवंहवंसं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की आपण काय करतो? खिडक्या लावून घेतो, वाळ्याच्या ताट्या भिजवतो, गाडीवर निघताना तोंडाला दुपट्टा गुंडाळतो. प्रकाश आपल्याला नको असतो. पवित्र शास्त्र लिहिणारेही उन्हाच्याच मुलखातले. 'दिवसा तुला सूर्याची बाधा होणार नाही' असं आश्वासन स्तोत्रात येतं ते उगाच नाही. तेव्हा देवाचा प्रकाश सगळ्यांना देऊ केलाय याचा अर्थ सगळ्यांना तो गोड लागतो असा नाही. तो उघडं पाडतो. माझ्या अनुभवात देवळाच्या आतल्यांना तो जास्त झोंबतो, कारण आम्ही वर्षानुवर्षं ताट्या लावून बसलेलो असतो.

पाचवं वचनही बघ. प्रकाश अंधारात प्रकाशतो, आणि अंधारानं त्याला... पुढे जे ग्रीक क्रियापद आहे त्याचे दोन अर्थ होतात: समजून घेणं, आणि झडप घालून दाबून टाकणं. बऱ्याच भाषांमध्ये भाषांतर करणाऱ्याला दोन्हींतला एक निवडावा लागतो. आपल्या मराठीत मात्र 'ग्रहण' हा शब्द आहे. विद्या ग्रहण करतात ते ग्रहण, आणि सूर्याला लागतं तेही ग्रहण. अंधारानं प्रकाशाचं ग्रहण केलं नाही, अंधाराचं ग्रहण प्रकाशाला लागलं नाही. मला हा योगायोग इतका आवडतो की बायबल वर्गात मी तो दरवर्षी सांगायचो, आणि मुलं दरवर्षी 'झालं सुरू' अशा चेहऱ्यानं एकमेकांकडे बघायची.

आता 'जगाचा प्रकाश मी आहे' हे येशूचं वाक्य. आठव्या अध्यायात आहे. नाताळच्या कार्डावर छापून छापून ते गुळगुळीत झालंय. पण ते बोललं गेलं त्या जागेला महत्त्व आहे. यरुशलेमेत मंडपांचा सण झाला होता. त्या सणाचं वर्णन यहुदी परंपरेनं जपून ठेवलंय: मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंच दीपस्तंभ असत, याजकांच्या घरची तरुण पोरं शिड्या लावून त्यांत तेल ओतत, आणि वाती असत याजकांच्या जुन्या, विरलेल्या कपड्यांच्या. आपल्याकडे चिंध्यांचा काकडा करतात तसंच. त्या उजेडानं यरुशलेमेतलं एकही अंगण उजळायचं राहत नसे, असं ती परंपरा सांगते. येशू बोलला ते मंदिराच्या भांडाराजवळ, त्याच आवारात. ज्यांच्या डोळ्यांत अजून त्या दिव्यांचा झगमगाट आहे अशा लोकांसमोर तो म्हणतो, प्रकाश मी आहे, आणि तो म्हणतो 'जगाचा'. यरुशलेमेच्या अंगणांचा असं म्हणाला असता तर कुणी भांडलं नसतं.

तो शब्दही त्यानं नव्यानं काढलेला नव्हता. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आपल्या सेवकाला म्हणतो, याकोबाचे वंश उभे करणं ही फार हलकी गोष्ट झाली, मी तुला राष्ट्रांचा प्रकाश करीन. 'हलकी गोष्ट' हे शब्द मला थांबवतात. फक्त आपल्या माणसांपुरतं तारण देवाला हलकं वाटतं. म्हातारा शिमोन तान्ह्या येशूला हातात घेऊन तेच म्हणतो: परराष्ट्रीयांसाठी प्रकाश. बेटा, त्या वाक्यातले परराष्ट्रीय म्हणजे आपणच. तू, मी आणि ते वडीलधारे गृहस्थ. नागपुरातल्या सदर भागातल्या देवळात बसलेले आपण कुणीच त्या सणाचे मूळ मानकरी नाही. प्रकाश 'सगळ्यांना' नसता तर आपल्याला कुठून मिळणार होता?

मंडळीच्या इतिहासात या वचनावर बरीच ओढाताण झालीय. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा तत्त्वज्ञ होता, पॅलेस्टाइनचा, ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा त्यानं उतरवला नाही, आणि शेवटी रोममध्ये विश्वासापायी त्याचं मस्तक उडवलं. त्याचं म्हणणं, देवाच्या शब्दाचं बीज सगळ्या मानवजातीत पेरलेलं आहे. सॉक्रेटिससारखे जे त्या शब्दाला धरून जगले ते ख्रिस्ताचेच, लोकांनी त्यांना नास्तिक म्हटलं तरी. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर सोबती यांनी तर याच वचनावर घर बांधलं. योहान १:९ ला लोक 'क्वेकरांचं वचन' म्हणायचे. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत ना पाळक, ना वेदी. सगळे गप्प बसतात आणि आतल्या प्रकाशाची वाट पाहतात. आपल्यापासून फार लांब नाही, नर्मदेकाठी होशंगाबादला त्यांचं काम एकोणिसाव्या शतकापासून होतं. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला ती शांतता पाच मिनिटांच्या वर झेपत नाही. पण एक मान्य करावं लागतं: १६८८ मध्ये अमेरिकेत जर्मनटाउन इथल्या क्वेकर लोकांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला, त्या काळी बाकीच्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांना त्यात गैर काही दिसतच नव्हतं. ज्याच्यावर देवाचा प्रकाश पडलाय त्या माणसाला बाजारात विकायचं कसं, हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही.

दुसऱ्या बाजूला कॅल्विन, सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक. माझं घराणं स्कॉटिश मिशनच्या परंपरेतलं, म्हणजे मी कॅल्विनच्याच घरचा. तो म्हणतो, माणसाची देवाबद्दलची जाण म्हणजे रात्री शेतातून चाललेल्या वाटसरूला वीज चमकल्यावर दिसतं तसं. क्षणभर लांबपर्यंत सगळं दिसतं, आणि पाऊल उचलायच्या आत पुन्हा काळोख. आषाढात बांधावरून चालत गेलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वीज खरी असते. दिसलेलं शेतही खरं असतं. पण तेवढ्यावर घरी पोचता येत नाही. मला जस्टिनपेक्षा कॅल्विनची भीती जास्त खरी वाटते, आणि कॅल्विनपेक्षा योहानाचं 'प्रत्येक' जास्त मोठं वाटतं. या दोहोंच्या मधे मी आयुष्यभर उभा आहे, आणि आता या वयात दुसरीकडे सरकेन असं वाटत नाही.

कॅथलिक मंडळीनं १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत इतर धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला त्यातही हेच वचन मागे उभं आहे. इतर धर्मांच्या शिकवणीत पुष्कळदा त्या सत्याचा किरण दिसतो, जे सगळ्या माणसांना प्रकाश देतं, असं त्यांनी मांडलं, आणि त्याच दमात ख्रिस्ताची घोषणा करत राहणं आपलं कर्तव्य आहे असंही मांडलं. दोन्ही एकत्र. आपल्याकडे २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली ती आपल्याच नागपुरात, ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये. मी तेव्हा अकरा वर्षांचा. धर्मशास्त्र काय कळणार, बाबांच्या खांद्याआडून मान उंचावत एवढे झगेवाले एका जागी पाहिले, हेच आठवतं. पुढे कळलं की त्या झग्यांखाली तारणाबद्दलचे किती वेगवेगळे विचार होते, आणि तरी ते एका मेजाशी बसायला तयार झाले.

आता मुद्द्याचं. जस्टिनचा एक धागा विसाव्या शतकात कार्ल राहनर या कॅथलिक धर्मपंडितानं पुढे नेला आणि 'अनामिक ख्रिस्ती' अशी कल्पना मांडली. म्हणजे नाव न घेताही जे ख्रिस्ताच्या कृपेत आहेत ते. हेतू चांगला होता. तुझ्या दुःखात तुला कुणीतरी हेच सांगेल: काकू नकळत ख्रिस्तीच होत्या गं. मी सांगणार नाही. काकू बौद्ध होत्या, आणि नकळत नव्हत्या, चांगल्या कळून होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी इथे ठरवून, उघडपणे, शपथा घेऊन वाट बदलली. त्या गर्दीत काकूंच्या आईनं कडेवर लेकरू घेऊन पाय रोवले. त्या माउलीनं जे दिलं ते आपण काकूंच्या मरणानंतर प्रेमाच्या नावानं काढून घ्यायचं? काकूंनी ऐकलं असतं तर हसल्या असत्या, नाहीतर चिडल्या असत्या.

मग मी काय म्हणू शकतो? एवढं, की तुला रात्रीच्या वेळी ताटात भाकर वाढणारा तो हात, परक्याच्या लेकराला आपलं म्हणणारं ते मन, हे जिथून आलं तो प्रकाश मी ख्रिस्त म्हणून ओळखतो. हे माझ्या विश्वासाचं विधान आहे. काकू कोण होत्या, हे सांगायचा हक्क काकूंचा. या दोन गोष्टींत गल्लत केली की एकीकडे अहंकार होतो आणि दुसरीकडे लबाडी.

काकूंच्या घरच्यांशी कधी यावर बोलणं झालंच तर ते तुला बुद्धांचं 'अत्त दीप भव' सांगतील. पाली ग्रंथात महापरिनिर्वाणाच्या आधीच्या उपदेशात ते 'अत्तदीपा विहरथ' असं येतं. पालीत 'दीप' म्हणजे दिवाही आणि बेटही. पुराच्या पाण्यातलं बेट हा अर्थ तिथे जास्त जुळतो असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. कुठलाही घे, सांगणं स्पष्ट आहे: दुसऱ्याला शरण जाऊ नका, स्वतःचा आधार स्वतः व्हा. आपलं शास्त्र सांगतं की प्रकाश बाहेरून येतो, आपण तो नाही, आपल्याला तो घ्यावा लागतो. हे दोन्ही एकच आहे असं म्हणणारे सभांमध्ये टाळ्या घेऊन जातात. मला ते एक वाटत नाही, आणि काकूंनाही वाटलं नसतं. दोन शेजारी इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, आई 'सलाम' म्हणायची, काकू 'जय भीम' म्हणायच्या, आणि भाजीची वाटी इकडून तिकडे जायची. त्यासाठी दोघींनी एकच मानायची गरज पडली नव्हती.

इथे आपल्या घरातलं उणं काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचाही विचार केला होता, आणि ख्रिस्ती झाल्यावरही माणसं जात सोडत नाहीत यावर त्यांनी कडक टीका केली होती. ती खोटी नव्हती. मी ज्या मंडळ्यांत राहिलो त्यांतल्या एकीत लग्न जुळवताना कोण कुठल्या वस्तीतून ख्रिस्ती झालं, याची चौकशी दबक्या आवाजात व्हायची, आणि रविवारी तेच ओठ 'देव प्रकाश आहे' म्हणायचे. योहानाचं पहिलं पत्र यावर आडपडदा ठेवत नाही: मी प्रकाशात आहे असं म्हणून जो भावाचा द्वेष करतो तो अजून अंधारातच आहे. अंधारात कोण आहे, याची योहानानं दिलेली खूण ही आहे. बाप्तिस्म्याची नोंदवही तिथे त्यानं उघडलेली नाही.

अंधाराची ही भाषा आपल्याला मिशनऱ्यांकडूनही मिळाली. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला तेव्हा 'काळोखातला देश' हीच त्या काळच्या मिशनरी पत्रांची बोली होती. पण माणूस पाहा. त्याच हिस्लॉपनं इथले दगड, जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या लिंगोची गाणी-कथा टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये टाकळघाटच्या बाजूनं परतताना भरलेल्या नाल्यात तो बुडाला, आणि तीन वर्षांनी त्याचे ते कागद रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं छापले. ज्या मुलखात नुसता काळोखच आहे असं मनापासून वाटतं तिथली गाणी कुणी इतक्या मायेनं उतरवून घेत नाही. त्याचं तोंड त्याच्या काळाचं बोलत होतं. हात वेगळंच काही करत होते. हे मी त्याच्या बचावासाठी म्हणत नाही. त्या भाषेनं इथल्या माणसांना दुखावलंय, आणि परवा देवळाच्या पायरीवर तिनं तुलाही दुखावलं.

आता, सुवार्ता मग कशाला? प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय काढ. कर्नेल्य हा रोमी शताधिपती. यहुदी नाही, ख्रिस्ती नाही. आणि देवदूत त्याला काय सांगतो? तुझ्या प्रार्थना आणि तुझे दानधर्म देवापुढे पोचले आहेत. पोचले आहेत! येशूचा शिष्य पेत्र अजून यापो गावातल्या एका गच्चीवर भुकेला बसलाय, कैसरियाला निघालेलाही नाही. मग प्रार्थना पोचल्याच असतील तर पेत्राला बोलवायचं कशाला? आपला प्रश्न अगदी हाच आहे. उत्तर त्या गोष्टीतच आहे. कर्नेल्याला ज्याचा प्रकाश मिळत होता त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. गावात कुणीतरी दर महिन्याला तुझ्या कॉलेजची फी भरतंय, आणि कोण ते तुला माहीत नाही, असं समज. फी भरली जातेच. पण नाव कळलं की तू धावत जाशील ना त्या घरी? सुवार्ता म्हणजे ते नाव सांगणं. प्रकाश कुणाच्या घरी पोचवायचा कंत्राटी हमाल मी नाही. तो माझ्या आधी पोचलेला असतो.

आणि त्या गोष्टीत बदलला कोण ते बघ. कर्नेल्य तर तयारच होता. बदलला पेत्र. तोच म्हणतो, देव पक्षपाती नाही हे मला आता समजलं. परक्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्यावर ते त्याला समजलं, गच्चीवर बसून नाही. येशूच्या जन्मानंतर त्याला शोधत आलेल्या मागी लोकांचंही असंच: ताऱ्यांचा अभ्यास करणारे परदेशी, त्यांच्याच विद्येतून देवानं त्यांना हाक मारली. यरुशलेमेत ज्यांना बेथलेहेमचं वचन तोंडपाठ होतं ते शास्त्री मात्र आठ-नऊ किलोमीटर चालून गेले नाहीत. दर नाताळला सदरमध्ये घराघरांवर कागदी तारे लागतात, आत दिवे पेटतात, तेव्हा मला त्या शास्त्र्यांची आठवण येते. वचन ज्यांच्या हातात होतं तेच घरी बसले.

आपल्या मराठी मंडळीचं उदाहरण हवं असेल तर नारायण वामन टिळक. काही काळ ते नागपुरात होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात नवा करार दिला, आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पूल ओलांडून आल्यावर तो जाळून टाकायची गरज त्यांना वाटली नाही. शेवटी त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांसाठी. त्यावर मंडळीत कुरकुर झाली. ती होणारच.

काकूंच्या निवाड्याचं तू विचारलंस. मी सांगू शकत नाही, आणि ज्यानं परवा सांगितलं त्यालाही तो अधिकार नव्हता. येशूला कुणीतरी विचारलं होतं, तारण होणारे थोडेच आहेत का? त्यानं आकडा दिला नाही. तू आत यायची धडपड कर, म्हणाला. पुनरुत्थानानंतर पेत्रानं दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून विचारलं, याचं काय? उत्तर आलं, त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. मी मात्र प्रार्थनेत काकूंसारख्यांची नावं घेतो. आमच्या परंपरेत मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची पद्धत नाही, तेव्हा तिला प्रार्थना म्हणू नकोस. मी देवाला नुसती आठवण करून देतो की ही बाई होती. जसं तो विसरणार आहे!

त्या गृहस्थांशी भांडू नकोस. त्यांना एकदा घरी बोलाव आणि काकूंबद्दल सांग. वाद नको, गोष्टी सांग. रात्री किती वाजता भाकरी गरम करायच्या, तुझ्या परीक्षेच्या वेळी काय करायच्या, तुझी आई पाळी संपवून येईपर्यंत दाराला कडी का लावायच्या नाहीत. ऐकून ते वाक्य मागे घेतील असं नाही. पण पुढच्या वेळी बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे एक चेहरा येईल, माझ्या डोळ्यांपुढे त्या बसथांब्यावरच्या मुलाचा येतो तसा.

आता पुण्यानुमोदनाचं. तिथे बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असेल, मेणबत्त्या लावतील, त्रिशरण-पंचशील होईल. सगळे उभे राहतील तेव्हा तूही उभी राहा. पंचशीलात जीवहत्या, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा यांपासून दूर राहायचं आहे, त्यात तुला अडचण यायचं कारण नाही. त्रिशरण वेगळं, ते शरण जाण्याचे शब्द आहेत, आणि तुझं शरण दुसरीकडे आहे, तेव्हा ते म्हणू नकोस, मान खाली घालून शांत उभी राहा. कुणी वाईट वाटून घेणार नाही. काकूंच्या घरच्यांना तू कुणाची आहेस हे तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. जेवणावरून मनात आणू नकोस, जेव. बोलायला सांगितलं तर काकूंबद्दल बोल, ख्रिस्ताबद्दल बोलायची जागा ती नव्हे. कुणी विचारलंच तर तेवढंच सांग. आणि पाहुण्यासारखी दुपारी बाराला जाऊ नकोस. सकाळी सातलाच जा, पदर खोचून स्वयंपाकघरात बस, कांदे चिरायला घे. त्या घरातल्या बायकांना आज एक हात कमी पडणार आहे.